आईच्या तोंडाला सतत कोरड पडते: वय, औषधे आणि लाळ

माणगंगा
नमस्कार. माझी आई ७६ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी माझ्या धाकट्या भावाकडे राहते. गेल्या दिवाळीपासून तिच्या तोंडाला सतत कोरड पडते. ‘वय झाले की असे व्हायचेच’ हे वाक्य घरात, शेजारी आणि दवाखान्यातही सारखेच ऐकू आल्यामुळे सुरुवातीला आम्ही कोणीच ते मनावर घेतले नाही. मागच्या महिन्यात मी आठ दिवस तिच्याजवळ राहिले, तेव्हा हा त्रास नेमका काय असतो हे पहिल्यांदा जवळून पाहिले. पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणण्याचा तिचा चाळीस वर्षांचा नेम आहे. आता विसाव्या-पंचविसाव्या श्लोकाशीच तिची जीभ टाळ्याला चिकटते, शब्द अडखळतात आणि ती तांब्यातले घोटभर पाणी पिऊन पुन्हा सुरू करते. जेवताना भाकरीचा तुकडा तोंडात नुसता घोळत राहतो, त्याचा घास होत नाही. शेवटी ती भाकरी आमटीत कुस्करते आणि जवळजवळ पिऊनच टाकते. रात्री तीन-चार वेळा पाण्यासाठी उठते, त्यामुळे तितक्याच वेळा लघवीलाही उठावे लागते आणि अंधारात ती पडेल अशी धास्ती आम्हाला लागून राहते.

कोरड कमी व्हावी म्हणून ती दिवसभर खडीसाखरेचा खडा गालात धरून असते. वर्षभरात तिच्या चार दातांना हिरडीच्या कडेशी तपकिरी खाचा पडल्या आहेत आणि एक दात मऊ भात खातानाच तुटला. तिला रक्तदाबाची एक गोळी, मधुमेहाच्या दोन गोळ्या, पायांची आग होते म्हणून रात्री झोपताना एक गोळी आणि लघवीची घाई होते म्हणून आणखी एक गोळी चालू आहे. शिवाय नाक गळते म्हणून भाऊ दुकानातून सर्दीची गोळी आणतो, तीही ती बहुतेक रोजच घेते. साखर सध्या आटोक्यात आहे. या कोरडीवर खरोखर काही उपाय असतो का, आणि दाखवायचे तर कोणत्या डॉक्टरांना, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ओंजळ
मी दंतवैद्य आहे. एकतीस वर्षे व्यवसाय करून आता निवृत्त झाले आहे. आपण जे बारकाईने पाहिले आणि लिहिले, ते अनेक रुग्णांचे नातेवाईक विचारूनही सांगू शकत नाहीत, म्हणून सविस्तर उत्तर देते.

प्रथम ‘वय झाले की होतेच’ या वाक्याविषयी. वयानुसार लाळग्रंथींमध्ये काही बदल होतात हे खरे आहे, परंतु इतर आजार नसलेल्या आणि औषधे न घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या तोंडात रोजच्या व्यवहाराला पुरेल इतकी लाळ सहसा असते. म्हातारपणी कोरड पडते ती मुख्यतः म्हातारपणी वाढलेल्या औषधांमुळे आणि आजारांमुळे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वय कमी करता येत नाही, औषधे मात्र तपासता येतात.

दुसरी गोष्ट अशी की कोरड वाटणे आणि लाळ खरोखर कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींना लाळ पुरेशी असूनही कोरड वाटते, तर काहींची लाळ निम्म्यावर आली तरी तक्रार नसते आणि थेट दात किडल्यावरच ते कळते. लाळ मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे. खाणे, पिणे, दात घासणे यांनंतर किमान एक तास जाऊ द्यावा, रुग्णाने मान किंचित पुढे झुकवून शांत बसावे आणि तोंडात जमेल ती लाळ न गिळता पंधरा मिनिटे मापाच्या भांड्यात सोडत राहावे. पंधरा मिनिटांत दीड मिलिलिटरसुद्धा जमली नाही, म्हणजे मिनिटाला ०.१ मिलिलिटरहून कमी भरली, तर लाळ निश्चितच कमी आहे असे मानतात. निरोगी माणसाची काही न खाता स्वस्थ बसलेली असतानाची लाळ मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर असते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे मापाचे टोपण येते, त्यातही घरच्या घरी ढोबळ अंदाज येतो. फक्त वरचा फेस मोजू नये. मी मात्र दवाखान्यात आधी आरसा पाहत असे. तपासण्याचा छोटा आरसा गालाच्या आतल्या बाजूवरून सहज सरकायला हवा. तो चिकटून ओढला गेला, जिभेखाली लाळेचे तळे दिसले नाही, जिभेवर भेगा असल्या आणि होती ती लाळ फेसाळ असली, की मोजण्यापूर्वीच पुष्कळसा उलगडा होत असे.

आता दातांविषयी, कारण आपल्या आईच्या बाबतीत खरी घाई तिथे आहे. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यातील बायकार्बोनेट तोंडातील आम्ल निष्प्रभ करते, कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांची झीज भरून काढतात, म्युसिन या बुळबुळीत प्रथिनामुळे घास ओला होऊन घशाखाली उतरतो आणि इतर काही प्रथिने जंतूंना व बुरशीला आवर घालतात. आम्लता ज्या आकड्यात मोजतात त्याला पीएच म्हणतात, तो जितका कमी तितके आम्ल तीव्र. दातावरचे कठीण आवरण पीएच ५.५ च्या खाली गेल्यावर विरघळू लागते. म्हातारपणी हिरड्या खाली सरकून दाताचे जे मूळ उघडे पडते, त्यावर ते आवरण नसते आणि ते पीएच ६ च्या वर असतानाच झिजू लागते. गोड पदार्थ तोंडात गेला की जंतू त्याचे आम्ल बनवतात आणि ते धुऊन काढणारी लाळच नसेल तर ते तिथेच राहते. खडीसाखरेचा खडा दिवसभर गालात धरणे म्हणजे उघड्या मुळांना दिवसभर आम्लात बुडवून ठेवणे होय. हिरडीच्या कडेच्या ज्या तपकिरी खाचा आपण लिहिल्या आहेत, ती मुळाची कीड आहे. तिच्यात सुरुवातीला दुखत नाही, दात बुंध्याशी कोरला जातो आणि एक दिवस मऊ भातानेही तुटतो. खडीसाखर आजच बंद करावी आणि जवळच्या दंतवैद्यांकडे जाऊन खाचा भरून घ्याव्यात, उरलेल्या दातांवर फ्लोराइड वार्निश लावून घ्यावे. घरी फ्लोराइड असलेली टूथपेस्ट दोन वेळा वापरावी आणि रात्री घासल्यानंतर फेस थुंकावा, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे थोडे फ्लोराइड दातांवर राहते. झोंबणारी, अल्कोहोल असलेली माउथवॉश पूर्णपणे टाळावीत.

औषधपेटी
नाशिकला माझे औषधांचे दुकान आहे आणि मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. ओंजळ यांनी दातांची बाजू सांगितली, मी औषधांची सांगतो. आपण नावे दिलेली नाहीत, तरी वर्णनावरून तीन गोळ्यांकडे माझे लक्ष गेले.

मधुमेहात पायांची आग होते तेव्हा रात्री घेण्यासाठी अनेकदा अमिट्रिप्टिलिन देतात. लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन किंवा सोलिफेनासिन देतात. दुकानात चिठ्ठीशिवाय मागितल्या जाणाऱ्या सर्दीच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असते. आजार तीन आणि लिहून देणारेही वेगळे, पण तिन्ही औषधे शरीरात एकच काम करतात: ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचा निरोप अडवतात. लाळग्रंथींना ‘लाळ सोडा’ हा निरोप याच रसायनामार्फत मिळतो. एका औषधाने कोरड थोडी वाढते, तीन एकत्र झाली की तोंड वाळवंट होते. पोटात मुरडा येतो म्हणून घेतली जाणारी डायसायक्लोमिन, खाज सुटते म्हणून दिली जाणारी हायड्रॉक्सिझिन, कंपवातासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल आणि दम्याच्या काही इनहेलरमधील टायोट्रोपियम हीदेखील याच कुळातील आहेत. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबावरील क्लोनिडिन यांची वाट वेगळी, परंतु कोरड त्यांनीही पडते.

हा निरोप केवळ तोंडातच अडत नाही. अशा औषधांचा भार वाढला की बद्धकोष्ठ होतो, लघवी तुंबते, नजर धूसर होते, विसरभोळेपणा आणि गोंधळ वाढतो, तोल जातो. अमेरिकेतील डॉक्टर मार्क बियर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी केली आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. या कुळातील तीव्र औषधे तिच्यात ठळकपणे आहेत. म्हणून कोरड ही माझ्या दृष्टीने तोंडापुरती तक्रार नसते. आजी किंवा आजोबा काउंटरवर उभे राहून ‘तोंड फार सुकते हो’ असे म्हणाले की मी त्यांना दोन गोष्टी विचारतो: पोट साफ होते का, आणि अलीकडे कधी पडलात का. पुष्कळदा दोन्ही उत्तरे ऐकून मन घाबरते.

कृपया कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. अमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करावे लागते आणि क्लोनिडिन एकदम सोडले तर रक्तदाब उसळतो. सर्दीची गोळी कोणी लिहून दिलेलीच नाही, ती तेवढी थांबवता येईल. एका पिशवीत घरातल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, थेंब, चूर्णे, काढे आणि मलमे भरावीत आणि ती पिशवी एकाच फिजिशियनपुढे रिकामी करून ‘यांतले कोणते कमी होईल, कोणते बदलता येईल’ असे विचारावे. चिठ्ठ्यांची फाइल नेण्यापेक्षा पट्ट्या न्याव्यात, कारण दुकानातून परस्पर आणलेली औषधे चिठ्ठीत नसतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हृदयविकार असलेल्यांकडे छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी असते. तोंड कोरडे ठणठणीत असेल तर ती गोळी लवकर विरघळतच नाही आणि घरचे लोक समजतात की गोळी दिली, आता आराम पडेल. अशा माणसाने आधी घोटभर पाण्याने तोंड ओले करून मग गोळी जिभेखाली ठेवावी, किंवा डॉक्टरांना विचारून फवारा घ्यावा. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला घ्यायची अलेंड्रोनेटची गोळीदेखील कोरड्या तोंडाने, अर्ध्या घोटावर कधीही घेऊ नये. ती अन्ननलिकेला चिकटली तर तिथे जखम होते. पूर्ण पेलाभर पाणी प्यावे आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवे होऊ नये.

कोकणवाट
माझ्या वडिलांचे हृदय अशक्त आहे आणि डॉक्टरांनी दिवसाला सव्वा लिटरच्या वर पाणी द्यायचे नाही असे बजावले आहे. लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. तोंड इतके सुकते की ते लहान मुलासारखे पाण्यासाठी विनवण्या करतात, आणि नाही म्हणताना आमचा जीव तुटतो. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘अहो, पाणी जास्त प्यायला द्या’ असे सांगून जातो. पाणी न वाढवता काही करता येते का?

समईची वात
कोकणवाट, मी परिचारिका आहे. डायलिसिसच्या आणि हृदयाच्या रुग्णांबरोबर मी बावीस वर्षे काम केले आहे आणि हे विनवणे मी रोज ऐकते. तहान आणि तोंडाची कोरड वेगळी असते. वडिलांच्या शरीराला पाणी हवे आहे असे नाही, त्यांच्या तोंडाला ओलावा हवा आहे, आणि तो पाणी न गिळताही देता येतो.

सकाळी एका बाटलीत सव्वा लिटर पाणी भरून ठेवावे. चहा, दूध, आमटी, गोळीसोबतचे पाणी असे जे काही पोटात जाईल, तेवढेच पाणी त्या बाटलीतून ओतून काढावे. म्हणजे किती उरले हे वडिलांनाही डोळ्यांना दिसते आणि वाद कमी होतात. माझा अनुभव असा आहे की रुग्णाच्या हातात ही बाटली दिली की तो स्वतःच विचार करून घोट घेतो. मधल्या वेळी थंड पाण्याने चूळ भरून थुंकावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या फवाऱ्याच्या बाटलीत पाणी भरून जिभेवर आणि गालांच्या आत दोन फवारे मारावेत; त्यात पाणी अगदी थेंबभर जाते. बर्फाचे लहान तुकडे चघळायला चांगले वाटतात, पण वितळल्यावर त्यांचेही पाणी होते, तेव्हा तेही हिशेबात धरावे. कृत्रिम लाळेचे द्रव किंवा जेल मिळते. त्यात बहुधा कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज असते आणि ते पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकते. ते झोपताना अवश्य लावावे, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. लोणचे, पापड, फरसाण पूर्ण बंद करावे. मिठाने तहान खरोखर वाढते आणि मग चूळ कितीही भरली तरी भागत नाही.

जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्याविषयीही लिहिते. पूर्वी आम्ही लिंबू आणि ग्लिसरीनचे बोळे तोंडातून फिरवत असू. आता ते करत नाहीत, कारण ग्लिसरीन ओलावा ओढून घेते आणि लिंबाचे आम्ल दात व नाजूक त्वचा दुखावते. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ गॉजने दर दोन-तीन तासांनी जीभ, गाल आणि हिरड्या पुसून घ्याव्यात. शेवटच्या दिवसांत आपल्याकडे गंगाजळ देण्याची पद्धत आहे आणि त्यामागची माया मी जाणते. परंतु ज्याला नीट गिळता येत नाही त्याच्या तोंडात चमचाभर पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. तुळशीपत्र त्या पाण्यात बुडवून ओठांवरून आणि जिभेच्या टोकावरून फिरवावे. माझ्या आजीसाठी मी तसेच केले होते. तिने ओठ मिटून तो ओलावा घेतला, हे मला अजून दिसते.

कोकणवाट
आपले उत्तर मी वडिलांच्या शेजारी बसून मोठ्याने वाचले. बाटली भरून ठेवली आहे.

पारिजात
माझे वय ६३ आहे आणि माझी कोरड औषधांची नाही, म्हणून लिहीत आहे. मला सहा वर्षे कोरड्या तोंडासाठी पाणी पिण्याचा आणि डोळ्यांच्या जळजळीसाठी गुलाबपाण्याचा सल्ला मिळत राहिला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असे, बोटांचे सांधे सकाळी आखडत आणि कानांच्या पुढची गाठ अधूनमधून सुजत असे. या चार तक्रारी मी चार डॉक्टरांना वेगवेगळ्या सांगितल्या, त्यामुळे त्यांची मोट कोणी बांधली नाही, आणि त्यात माझाही दोष होता. शेवटी एका नेत्रतज्ज्ञ बाईंनी माझ्या पापणीच्या आत कागदाची छोटी पट्टी अडकवली. पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू कमी आहेत असे समजतात, माझी जेमतेम दोन भिजली. त्यांनीच मला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. रक्तातील अँटी-रो तपासणी आणि खालच्या ओठाच्या आतून घेतलेला लहानसा तुकडा यांवरून शोग्रेन सिंड्रोम असल्याचे निश्चित झाले.

स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांचे वर्णन केले होते. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार कितीतरी पटींनी अधिक आढळतो. मला पायलोकार्पिनच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा चालू आहेत. हे औषध मूळचे ब्राझीलमधील जाबोरांडी या झुडपाच्या पानांत सापडले आणि ते ग्रंथीचा जो भाग शाबूत आहे त्याला लाळ सोडायला लावते. घाम मात्र फार येतो. दमा आटोक्यात नसलेल्यांना आणि डोळ्यांच्या काही आजारांत ते देत नाहीत, म्हणून दुसऱ्याची गोळी कोणी उसनी घेऊ नये. कानापुढची सूज कायम राहू लागली तर ताबडतोब कळवा असे मला सांगितलेले आहे, कारण या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाचा, धोका सामान्यांपेक्षा जास्त असतो.

माणगंगा यांनी आईला डोळे आणि सांधे यांविषयी एकदा विचारून पाहावे. बायका आपणहून सांगत नाहीत.

सह्यकडा
माझ्या वडिलांना तंबाखू-चुन्याच्या सवयीतून २०१९ मध्ये गालाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर तेहेतीस वेळा रेडिएशन दिले, ज्याला आमच्याकडे ‘लाईट देणे’ म्हणतात. दुसऱ्या आठवड्यातच लाळ दोरीसारखी घट्ट झाली आणि चौथ्या आठवड्यात जवळपास संपली. ती आजतागायत पूर्ण परतलेली नाही.

ज्यांच्या घरी हे उपचार सुरू व्हायचे आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली अशी की कानापुढच्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) कमी मात्रा बसली तर ती सावरण्याची शक्यता चांगली असते. आयएमआरटी या रेडिएशनच्या नव्या पद्धतीत किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून ग्रंथी वाचवून मारा करता येतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्स्पोर्ट चाचणीत एका वर्षानंतर लक्षणीय कोरड जुन्या पद्धतीच्या ७४ टक्के रुग्णांना राहिली होती, तर आयएमआरटी घेतलेल्या ३८ टक्के रुग्णांना. गाठ कुठे आहे यावर सारे अवलंबून असते आणि कर्करोगाचा नायनाट हेच पहिले काम असते, तरीही ‘लाळग्रंथी वाचवता येतील का’ हे आधी विचारावे. आम्हाला हा प्रश्न असतो हेच माहीत नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे दातांची सगळी दुरुस्ती, विशेषतः दात काढणे, रेडिएशनपूर्वी उरकून घ्यावे. नंतर जबड्याच्या हाडाची भरून येण्याची शक्ती कमी झालेली असते आणि दात काढल्यावर हाड सडू शकते. आमच्या उपचारांत हे कोणी सांगितले नाही. वडिलांची एक दाढ नंतर काढावी लागली आणि ती जखम अकरा महिने वाहत होती.

आता ते मऊ भात आणि कढी, घट्ट पिठले, दह्यात कालवलेले पोहे असे खातात. पाण्याच्या घोटाबरोबर घास गिळण्यापेक्षा तुपाने किंवा दह्याने ओला केलेला घास त्यांना सोपा जातो.

दूरदेशी
मी शिकागोला राहते. हिवाळ्यात घर गरम करणाऱ्या यंत्राने हवा इतकी कोरडी होते की येथे आलेल्या माझ्या सासूबाईंना सकाळी तोंड उघडता येत नसे. खोलीत हवा दमट ठेवणारे यंत्र लावल्यावर फरक पडला. घोरण्यासाठी मास्कचे यंत्र लावणाऱ्यांनी त्याच्यातील पाण्याची टाकी रोज भरली जाते ना हे पाहावे, आणि नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेतला जातो का हेही.

गावकूस
माझी आजी ज्येष्ठमधाची कांडी आणि आवळा सुपारी चघळत असे, शिवाय सकाळी तिळाच्या तेलाची गुळणी धरत असे. तिचे दात नव्वदीपर्यंत टिकले. या उपायांविषयी जाणकारांचे काय मत आहे? आपल्या घरचे काहीच उपयोगाचे नसेल असे मला वाटत नाही.

ओंजळ
गावकूस, घरचे उपाय टाकाऊ नाहीत, पण प्रत्येकाचा विचार वेगळा करावा लागतो. आंबट चवीने लाळ सर्वांत जोरात सुटते हे खरे आहे, आवळ्याचे नाव काढताच तोंडाला पाणी सुटते ते त्यामुळेच. परंतु ज्याच्या ग्रंथी थकल्या आहेत त्याच्या तोंडात आम्ल राहते आणि त्यामानाने लाळ येत नाही, म्हणून नैसर्गिक दात असलेल्यांनी आवळा सुपारी, चिंचेच्या गोळ्या, लिंबू हे दिवसभर चघळू नये. जेवताना लिंबू पिळण्यास हरकत नाही. चघळण्याच्या क्रियेनेही लाळ सुटते, म्हणून दात चांगले असतील तर साखरविरहित, शक्यतो झायलिटॉल असलेले च्युइंगगम जेवणानंतर दहा मिनिटे चघळावे. ज्यांना ते रुचत नाही त्यांनी जेवणाच्या शेवटी काकडी चावावी, किंवा वेलदोड्याचे दाणे चघळावेत.

ज्येष्ठमधाबाबत मात्र सावध राहावे. ते रोज आणि बऱ्याच प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णांनी, आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी तर मुळीच, ती सवय लावून घेऊ नये. तेलाच्या गुळणीने लाळ वाढत नाही, तरीही गाल-जीभ घासली जाण्याचे दुखणे कमी होते आणि काही रुग्णांना त्याने बरे वाटते. ज्यांना ठसका लागतो त्यांनी ती करू नये, कारण तेल फुफ्फुसात जाणे वाईट. आपल्या आजीच्या काळी तिला बहुधा रोज सहा गोळ्या घ्याव्या लागत नव्हत्या, हेही लक्षात घ्यावे.

कवळी लावणाऱ्यांविषयी कोणी विचारले नाही, तरी सांगते. वरची कवळी टाळ्याला टिकून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. लाळ कमी झाली की चांगली कवळीही सुटते, घासते, जखमा करते आणि लोक कवळी बदलत बसतात. रात्री ती काढून, घासून, पाण्यात ठेवावी. टाळा लालभडक झाला असेल, ओठांचे कोपरे फाटले असतील किंवा पुसून निघणारा पांढरा थर दिसत असेल, तर बहुधा बुरशी आहे आणि तिचे औषध सोपे असते. औषध तोंडाला लावले आणि कवळी तशीच राहिली तर बुरशी परत येते, म्हणून दोन्ही स्वच्छ करावे लागतात.

माणगंगा
सात आठवड्यांनंतर लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. औषधपेटी यांनी सांगितल्याप्रमाणे भावाने सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून नेल्या. पिशवी टेबलावर रिकामी केल्यावर डॉक्टर काही वेळ काहीच बोलले नाहीत. रात्रीची गोळी अमिट्रिप्टिलिनच निघाली आणि लघवीची ऑक्सिब्युटिनिन. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन होते. सर्दीची गोळी त्याच दिवशी बंद झाली आणि नाकासाठी फवारा दिला. अमिट्रिप्टिलिन चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने थांबवले. पायांची आग थोडी परत आली आहे, त्यासाठी दुसरी गोळी अगदी कमी मात्रेत सुरू केली आहे आणि तिने गुंगी येते का यावर आम्ही लक्ष ठेवून आहोत. लघवीसाठी मिराबेग्रॉन दिले आहे. त्याने कोरड फारशी पडत नाही, पण रक्तदाब वाढू शकतो, म्हणून भाऊ एक दिवसाआड मोजून वहीत लिहितो. पारिजात यांच्या सांगण्यावरून डोळे आणि सांधे यांविषयीही विचारले, तिथे काही तक्रार निघाली नाही.

औषधे बदलण्यापूर्वी आम्ही मापाच्या टोपणात लाळ मोजली होती. पंधरा मिनिटांत तळ जेमतेम झाकला गेला होता, एक मिलिलिटरही भरली नव्हती. परवा पुन्हा मोजली तर अडीच मिलिलिटरच्या रेघेपर्यंत आली. आई टोपण उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत होती. रात्री आता एकदाच उठते. भाकरी अजूनही आमटीत कुस्करून खाते, पण सकाळच्या ताज्या भाकरीचा पापुद्रा परवा तिने मागून घेतला आणि तो चावून खाल्ला. बद्धकोष्ठासाठी ती वर्षानुवर्षे घेत असलेले चूर्णही आता रोज लागत नाही. ते या औषधांशी जोडलेले असेल, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

तीन खाचा भरून झाल्या, वार्निशही लावले. एक दात वाचला नाही. सहस्रनाम सलग पूर्ण होत नाही, मध्ये एकदा पाणी लागते, पण विसाव्या श्लोकाशी थांबावे लागत नाही. तिने एक प्रश्न मात्र मला इथे विचारायला सांगितला आहे. पूजेनंतर नैवेद्याची खडीसाखर प्रसाद म्हणून तोंडात टाकण्याची तिला सवय आहे आणि ती सोडणे तिला जड जाते. तेवढी चालेल का?

ओंजळ
जरूर चालेल. दातांना किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिली याने अधिक बाधते. प्रसादाचा एक लहान खडा गालात न धरता चावून खावा, लगेच पाण्याने चूळ भरावी आणि शक्य असेल तर तो नाश्त्याच्या वेळेलाच घ्यावा. वार्निश पुन्हा लावण्यासाठी तीन महिन्यांनी दंतवैद्यांकडे न्यावे, आणि जाण्यापूर्वी एकदा टोपणात लाळ मोजून तो आकडा त्यांना सांगावा.